पाणवठ्यावरची पाळत

फार वर्षांपूर्वी आमच्या माळावर टिटवी ओरडायची. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ही गोष्ट तेव्हाची.

उन्हाळ्यात माळावर पाण्याचं एकच डबकं उरलं. त्यात पाय घालायचा नाही, असा प्राण्यांच्या पंचायतीचा नियम होता. नियम मोडणारा सापडावा म्हणून पंचांनी सरड्याला पाल्यात लपवून बसवलं. म्हाताऱ्या हरणीच्या खुरात काटा मोडला होता. ठणका सोसेना, म्हणून तिने पाय क्षणभर पाण्यात धरला. सरड्याने ते सांगितलं. पंच म्हणाले, "आज तिने सगळ्यांच्या शेवटी प्यावं." शिक्षा एवढीच.

पण टिटवी माळभर ओरडत सुटली, "हरणीनं पाणी नासवलं!" हरणीची पाळी आली तेव्हा सगळे बघायला थांबले. ती तहानलेलीच परतली.

दुसऱ्या दिवशी टिटवी ओरडली, "पंचायत चोरून पाहते!" ससा सरड्यावर धावला. "मेल्या, माझ्यावरही डोळा ठेवलास होय रे?" सरड्याला हाकललं. टिटवीचं कौतुक झालं.

मग ती हरणीपुढे उतरली. "मावशी, सरडा गेला! कसं वाटतंय, बोला की. सगळा माळ ऐकतोय."

सगळ्यांच्या माना वळल्या. हरणीने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि लंगडत माळापलीकडे निघून गेली.