घडीची भिंत

नकाशे कागद सोडून नुकतेच कॉम्प्युटरात राहायला आले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका शाळेच्या जुन्या नकाशाचं स्कॅन केलेलं चित्र पडद्यावर पसरलं होतं आणि त्याच्यावरून गिरवत एक नवी रेघ भिंती काढत होती.

रेघेला चित्राचा पहिल्यापासून संशय. जवळ गेलं की त्याचे नुसते ठिपके व्हायचे. "दुरून भिंत आणि जवळून ठिपके! तू नक्की काहीतरी लपवतंयस," ती म्हणाली.

"अगं, मी जुना कागद. माझ्यावर भिंती आहेत, तशाच घड्यांच्या खुणाही आहेत," चित्र म्हणालं. "गिरवण्याआधी विचारत जा."

"तुला विचारायचं, म्हणजे आपण होऊन फसायचं!" रेघ फणकारली. दिसेल ते तिनं ठसठशीत गिरवलं आणि काम संपताच चित्राला फाइलमधून हाकलून दिलं.

गवंड्यांनी त्या स्वच्छ नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवून शाळा नव्यानं बांधायला घेतली. शाळा उभी राहिली, तेव्हा एका वर्गाच्या मधोमध भिंत होती. फळा एकीकडे, मुलं दुसरीकडे.

"अशा आणखी किती आहेत?" हेडमास्तरांनी विचारलं.

रेघेनं घाईघाईनं खाली, जिथे चित्र असायचं तिथे, वाकून पाहिलं. खाली सगळं पांढरंशुभ्र होतं. तेव्हापासून ती आपल्याच एकेका भिंतीकडे संशयानं बघत बसली आहे.