धोंडूची सक्तीची विश्रांती

फार जुन्या काळी एका रानात भागा अस्वलीण कुस्ती शिकवायची. पलीकडच्या रानातला डुक्कर पाण्याचं डबकं बळकावायला येणार होता, म्हणून तिने धोंडू रानडुकराला तयार केलं. पण सांगितलेल्या पन्नास धडका झाल्या, की हा चोरून आणखी दोनशे मारायचा. झुंजीला तीन दिवस उरले आणि तो लंगडू लागला.

“किती वेळा सांगू रे? आता पडून राहा!”

“मावशी, पडून राहून कोणी जिंकतं का?”

वैतागलेल्या भागाने त्याला गुहेत ढकललं आणि स्वतः तोंडाशी बसली. तो ओरडून थकला, मग झोपला.

चौथ्या दिवशी धोंडूने पहिल्याच धडकेत पाहुण्याला लोळवलं.

“मावशी,” तो कुरकुरला, “ते तीन दिवस वाया गेले नसते, तर आणखी लांब उडवला असता!”

भागाने कपाळावर पंजा मारून घेतला आणि त्याला आणखी दोन दिवसांची सुट्टी ठोठावली.