पाण्याला विचारणारा धाकू तारी

फार फार वर्षांपूर्वीची, वेळण्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. त्या खाडीत धाकू तारी होडी चालवायचा. त्याच्या होडीत ताकाचं मडकंसुद्धा डचमळत नसे, असं म्हणतात.

शिमग्यात वेळण्याची पावणाई पालखीत बसून पैलतीरी आपल्या बहिणीला, भावईला, भेटायला जाते. रीत अशी, की होडी सरळ धक्क्यावर न्यायची आणि देवीचं तोंड बहिणीकडेच ठेवायचं. भरती पुरी झाली की पाणी घटकाभर थांबतं. तेवढ्यात पालखी पार व्हायची.

त्या वर्षी मात्र पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावर मानकरी भांडत बसले. मानपान मिटेपर्यंत ओहोटी लागली, आणि डोंगराकडचा वाराही सुटला. दोघं मिळून समुद्राकडे ओढायला लागले. धक्क्याच्या खालच्या, समुद्राकडच्या अंगाला खडक होते. त्यांवर आपटलेली होडी कधी परत आली नव्हती.

पालखी होडीत ठेवली आणि धाकूनं होडी वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावरच्या उंडीच्या झाडाकडे घातली. होडीत बसलेले मुख्य मानकरी विश्राम गावकर ताडकन उठले. त्यांना पोहता येत नव्हतं, पण हुकूम सोडता येत होता.

"खंय चाललंस? धक्को हय आसा! देवीचा तोंड वाकडा झाला तर तुझी होडी काढून घेतलंय म्हणान समज!"

धाकूच्या तीन पिढ्या त्या होडीवर जगल्या होत्या. तो शांतपणे म्हणाला, "रागावा नको, गावकरांनू. आधी पाण्याक इचारतंय, मगे तुमका."

उंडीपाशी त्यानं होडीचं तोंड प्रवाहाला आणि वाऱ्याला दिलं. वल्हं एवढंच मारलं, की होडी पुढे जाईना न् मागे येईना. भर ओहोटीत ती खुंटी ठोकल्यासारखी उभी राहिली, असं म्हणतात. मग त्यानं हात जरासा सैल सोडला, आणि पाण्यानंच होडी हळूहळू खाली आणून आडवी धक्क्याला टेकवली. पालखीतल्या निरांजनाची ज्योतही हलली नाही.

सगळे वाचले. धाकूची मान मात्र खाली होती. होडी आडवी लागल्यानं देवीच्या तोंडाऐवजी बाजू बहिणीकडे झाली होती, म्हणजे त्याची होडी गेलीच. गावकरांनी पालखीचा पडदा सारला. पावणाईनं आपणहून मान डावीकडे वळवली होती. ती बहिणीकडे बघत होती. गावकरांनी आधी देवीला हात जोडले, मग धाकूला.

आता पुलावरून ट्रक जातात. पण पालखी होडीनंच जाते, आणि आधी उंडीपर्यंत वर जाते. तिथे मानकरी उठून विचारतो, "पाण्याक इचारलंस?" तारी "इचारलंय" म्हणेपर्यंत होडीत कुणी बोलत नाही.

पालखीतला मुखवटा अजून जरासा डावीकडे कललेला आहे. नवा पुजारी आला की तो सरळ करायला जातो. मग एखादी म्हातारी त्याचा हात धरते.

"ऱ्हवांदे, बाबा. धाकूसाठी वळलेली आसा ती."