राजाच्या पावलांचे नाव

एका राज्यात वाटा माणसांचे ऐकत असत. शंखदंत नावाच्या मांत्रिकाने त्या घातल्या होत्या आणि त्याचा नियम एकच होता: नगराबाहेर पडणाऱ्याने वेशीवर आपल्या चालण्याचे नाव सांगावे, मग वाट त्याला तसे वागवील. कुणी 'फेरफटका' म्हणाला, तर ताटातला भात निवायच्या आत वाट त्याला घरी आणून सोडी. 'पायपीट' म्हणणाऱ्याला ती मुक्कामी पोचवी, पण टाचा सोलून काढी. उंडारायला निघालेल्या पोरांना ओढ्याकाठच्या चिंचेखाली नेई आणि दिवेलागणीला घराकडे हाकलून देई. जो नाव न सांगता जाईल, तो मात्र मांत्रिकाचा. त्याचे पाय थांबत नसत, त्याची सावली रोज एका गव्हाएवढी झिजे, आणि सावली संपली की तो माणूस आडवा होऊन वाट होई. राज्यातल्या साऱ्या वाटा अशाच झालेल्या होत्या. लोकांना हे ठाऊक होते, आणि तरी ते त्यांवरून बाजाराला जात.

वेशीवर नाव विचारण्याचे काम सगुणेकडे होते. चाळिशीची बाई, चालण्याची शंभर नावे तोंडपाठ, पण स्वतः वेशीबाहेर एक पाऊल टाकलेले नाही. म्हणूनच की काय, तिला चौकशा फार. परतणाऱ्याला अडवून ती विचारी, "रेंगाळलात म्हणता, ते नेमके कशापाशी? आणि परतताना जिवाला कसे वाटले?" लोक वैतागत, पण सांगत.

वर्षामागे राणी सुवदना बाळंत होत होती. राजवाड्याची रीत अशी की, बाळंतिणीच्या दाराशी पुरुषाची सावली पडू द्यायची नाही, मग तो राजा का असेना. सुईणीने मकरंदसेन राजाला दारातून घालवले, मग अंगणातूनही घालवले. तो अनवाणी वेशीशी आला. चेहरा पिठासारखा पांढरा. सगुणेने विचारायला तोंड उघडले आणि मिटले. राजाला आपण काय विचारायचे? राजा निघून गेला, नाव न सांगता.

तेव्हापासून दर आठवड्याला तो नदीपलीकडच्या माळावरून जाताना दिसे. लोक तटावरून हाका मारीत, "महाराज, परत या." हाका त्याला ऐकू येत, पण पाय थांबत नसत. कुणी म्हणे, राजा जबाबदारीला भिऊन पळाला. कुणी म्हणे, वैरागी झाला. राणीच्या मनात तर अढीच बसली. तिने फर्मान काढले, "माझ्या वेणांना ज्यांनी पाठ दाखवली, त्यांना बाळाविषयी एक अक्षर कळता कामा नये." सगुणेला मात्र रात्रंदिवस एकच टोचणी होती: मी विचारले असते, तर हा माणूस आज घरी असता.

वेशीजवळच्या खड्यांत एक टिटवी अंडी घालीत असे. ती एके सकाळी म्हणाली, "राजाची सावली चार बोटे उरली आहे. मी मोजून आले."

"शंखदंत कुठे राहतो?" सगुणेने विचारले.

"दोन वाटांच्या पलीकडे. तुला पाय आहेत ना? मग विचारतेस काय?"

सगुणेने फडक्यातली भाकरी सोडली आणि तिथेच पोटभर खाऊन घेतली. टिटवीला वाटले, हिला भूक तरी बरी सुचते. पण सगुणा अडाणी नव्हती. पहिल्या वाटेवर शापित धन पसरलेले आहे आणि जो ते उचलतो त्याचा हात तिथेच चिकटतो, हे तिने ऐकून ठेवले होते.

"नाव सांग," टिटवी म्हणाली.

"शतपावली."

वाट शंभर पावलांचीच झाली. दोन्ही कडांना मोहरांच्या राशी होत्या, माणकांचे ढीग होते, आणि त्यांना चिकटलेले हात होते. पण शतपावली घालणारा भरल्या पोटाने चालतो. त्याला कशाची हाव नसते, फारतर जांभई येते. सगुणा जांभया देत पलीकडे पोचली.

दुसरी वाट चकव्याच्या रानातून जात होती. "भटकंती," सगुणा म्हणाली. ज्याला कुठे जायचेच नाही त्याला चकवा चकवणार कसा, असा तिचा हिशेब. पण तोंडाने भटकंती म्हटले तरी मन राजाच्या चार बोटे सावलीवर खिळलेले. चकव्याने ते ओळखले. सगुणा चालचाल चालली आणि पुन्हा पुन्हा एकाच वारुळाशी आली. तिसऱ्या खेपेला तिला रडू कोसळले. ती भटकत नव्हती, भरकटली होती, आणि या दोन शब्दांतले अंतर आज पहिल्यांदा तिच्या पायांना कळत होते.

रडता रडता तिचे लक्ष वारुळाकडे गेले. मुंग्या निळ्या पाकळ्या वाहून नेत होत्या. निळे फूल? कुठले असेल? ती मुंग्यांच्या रांगेमागे गेली. फूल सापडले, त्याच्या वेलीवर एक सरडा होता, सरडा जिथे उतरला तिथे पाणी झुळझुळत होते, आणि पाण्याचा उगम पाहावा म्हणून ती वर चढली. किती वेळ गेला, तिला कळले नाही. आपण कशाला आलो हेही ती घटकाभर विसरली. झरा संपला तिथे शंखदंत खडकावर बसलेला होता.

"माझ्याकडे कशी आलीस?" त्याने विचारले.

"भटकत आले."

"राजा हवा? तर त्याच्या चालण्याचे नाव सांग. एकदाच सांगायचे. चुकलीस तर तुझीही वाट करीन. नदीपासून डोंगरापर्यंत मला एक हवीच आहे."

सगुणा म्हणाली, "आधी पावले बघेन."

शंखदंताने तिला माळावर आणले. तिथे राजाच्या पावलांची खोल चाकोरी पडली होती. सगुणा गुडघ्यांवर बसली. तिला वाटत होते, नाव 'वणवण' असणार. पण वणवण करणारा विहिरीपाशी थबकतो, भेटेल त्याला विचारतो. ही पावले विहिरीकडे वळलेली नव्हती. गस्त म्हणावी, तर गस्तवाला दोन्हीकडे पाहतो, आणि इथे सगळे अंगठे एकाच बाजूला कललेले. विरक्ताचे भ्रमण म्हणावे, तर ते पुढे जाते. हा मात्र पूर्वेच्या टेकडीपर्यंत जाई, गर्रकन वळे, पश्चिमेच्या टेकडीपर्यंत येई आणि पुन्हा वळे. वर्षभर तटावरून पाहणाऱ्यांनी तो जाताना पाहिला, पण एका खेपेला तो उजवीकडे जातो नि दुसऱ्या खेपेला डावीकडे, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

नगरासमोर टाचांचे ठसेच नव्हते. तिथे तो चवड्यांवर चालत होता. कानोसा घेणारा माणूस चालतो तसा. अंगठे राजवाड्याकडे.

सगुणा उठून म्हणाली, "येरझारा."

शंखदंताचा चेहरा उतरला. "नाव बरोबर आहे. पण तो थांबतो का, ते बघ."

राजा समोरून येत होता. दाढी वाढलेली, पाय फुटलेले, पायाशी जेमतेम चार बोटे सावली. सगुणा ओरडली, "महाराज, येरझारा." राजाने तिच्याकडे पाहिले आणि तो पुढे गेला. सगुणा त्याच्यामागे धावू लागली. नाव खरे, तरी पाय का थांबत नाहीत? येरझारा घालणारा थांबतो तरी कधी? मग तिला उमगले. दार उघडून कुणीतरी बाहेर येते, तेव्हा. या माणसासाठी वर्षभर कुणी बाहेर आलेच नव्हते.

राणीचे फर्मान मोडणाऱ्याला काय शिक्षा असते, हे तिला ठाऊक होते. तिने राजाला गाठले आणि सुईण सांगते तसे सांगितले, "महाराज, मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत."

राजा थांबला.

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याची सावली पुरती लांब झाली. नाव न सांगता निघालेल्याचे पाय पहिल्यांदाच थांबले, तसा शंखदंताचा मंत्र तुटला, तो धुरळा होऊन उडून गेला आणि राज्यातल्या साऱ्या वाटा अंग झाडीत माणसे होऊन उठल्या. कुणाचा पणजोबा आला, कुणाची आत्या आली. पुढे महिनाभर राज्यात वाट अशी उरलीच नाही, लोक शेतांच्या बांधांवरून ये-जा करीत आणि शिव्या खात.

राजा वेशीशी आला तेव्हा राणी मुलीला कडेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आम्हांला वाटले, तुम्ही पळालात."

"आत कुणी येऊ देईना," राजा म्हणाला, "आणि दूर जाववेना."

राणीने फर्मान फाडले, आणि बाळंतिणीच्या दाराच्या त्या रीतीलाही त्याच दिवशी मूठमाती मिळाली. मग तिने मुलगी राजाच्या हातांत दिली. राज्यकारभार खोळंबला होता, प्रधान तिष्ठत होते, पण राजा संध्याकाळपर्यंत वेशीच्या उंबऱ्यावर बसून राहिला, जागचा हलला नाही.

वाट पाहणाऱ्यांना बातमी मिळाली, सांगणाऱ्याची कहाणी सरली.