खुर्चीशेजारचे दोन खळगे

जर्मनीतल्या एर्लनश्टाइनच्या गढीत, दरबाराच्या खोलीत, सरदाराची जुनी खुर्ची आहे. तिच्या डाव्या हाताला फरशीत दोन खळगे आहेत, पावलांएवढे. गढी दाखवणाऱ्या गेर्डाआजी सांगतात, इर्मगार्द इथे उभी राहायची. दगड असा झिजतो का, असे कोणी विचारले की म्हणतात, "आठ वर्षं उभं राहून बघा."

सातशे वर्षांपूर्वी तिचा नवरा, गढीचा सरदार, लढाईत पडला, असे सांगतात. मुलगा लुडॉल्फ सात वर्षांचा. त्या वयात सरदारांची मुले दूरच्या दरबारात वाढायला जात, तोही गेला. तो मोठा होईपर्यंत कारभार आईकडे आला. धाकटा दीर एकबर्ट टपलेलाच होता. तिथला रिवाज असा, की खुर्चीत बसेल तो धनी. ती बसली तर मुलाचा हक्क जाणार, आणि तिच्यामागे गढी दिराची होणार.

पहिल्याच दिवशी तो गोड आवाजात म्हणाला, "बसा की वहिनी. खुर्ची काही चावत नाही."

"ती लुडॉल्फची आहे, भावजी. तो बसेल, मग मी बसेन."

बांधांची भांडणे, चोऱ्या, सोयरिकी, सगळे तिने उभ्यानेच मिटवले. लोकांना सांगायची, खुर्चीकडे बघून बोला. थंडीत टाचांच्या भेगांतून रक्त यायचे, म्हणे. एकदा तिने पायांखाली घोंगडी घातली, तर दीर म्हणाला, "उशीही आणवू का?" घोंगडी गेली. दर वर्षी ती अंदाजाने चार बोटे वाढवून मुलाला अंगरखा शिवून धाडायची. तो अंगाला बसला की नाही, ते कधी कळायचे नाही.

आठ वर्षांनी लुडॉल्फ आला. उंच, मिसरूड फुटलेला. खुर्चीशेजारी उभी असते ती दासी, एवढे तो परक्या दरबारात शिकला होता. ओले हातमोजे त्याने न बघताच तिच्या हातात दिले आणि बसला.

"आईसाहेब कुठे आहेत?"

तिने हातमोजे एकावर एक ठेवले. त्याच्या अंगरख्याच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर होत्या.

"आखूडच झाला की," ती म्हणाली.

तेव्हा त्याने वर पाहिले. तो उठू लागला, तशी तिने खांदा दाबून त्याला खाली बसवले. दीर बघत होता.

लुडॉल्फने तिच्यासाठी दुसरी खुर्ची करवली. पण तिचे गुडघे वाकेनात. उभे राहता येई, आडवे होता येई. बसणे तेवढे पायांतून गेले होते. तिने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, छान झालीय म्हणाली, आणि त्याच वसंतात गेली.

आजही एर्लनश्टाइनमध्ये नवी सून घरी आली, की सासू आधी तिच्यापुढे खुर्ची सरकवते. ती बसेपर्यंत घरातले कोणी बसत नाही. गढीतली दुसरी खुर्ची भिंतीशी असते. दर वसंतात गेर्डाआजी तिची गादी बदलतात. जुनी कुठेही दबलेली नसते.