पंपरावांचा सत्कार

फुलशेतीसाठी प्लॅस्टिकच्या छपराची पॉलीहाऊस नवी नवी आली होती, तेव्हाची गोष्ट. गुलाबाच्या पानांवर पांढुरके ठिपके उठले. कळ्या नुकत्या कुठे धरल्या होत्या.

"पंपराव, पानामागे बघा हो! टाचणीच्या टोकाएवढे लाल कोळी बसलेत," गुलाबाने हाक मारली.

"मागे डोकावणं आपल्याला शोभत नाही. आपण वरून धो धो ओततो!" फवारणीचा पंप फुशारला आणि वरूनच कीडनाशक बरसवू लागला.

पानांखाली कोळी कोरडे ठणठणीत राहिले. त्यांना खाणारे भुंगेरे पानांवर हिंडत होते, ते तेवढे मेले.

आठवड्यात कळ्यांवर जाळं चढलं.

"अरे, हे काय?" गुलाब रडकुंडीला आला.

"शाल विणतोय," कोळी म्हणाले. "आमचे वैरी मारले म्हणून पंपरावांचा सत्कार आहे."

ते ऐकून पंपराव खरोखरच छाती काढून पुढे आले.