गयाबाईंची उघडी गॅलरी

वर बघा. अठरा मजल्यांचा टॉवर, सगळ्या गॅलऱ्या काचेनं बंद. चौथ्या मजल्यावरची तेवढी एक उघडी. बिल्डर विसरला म्हणता? बिल्डर एक इंचसुद्धा विसरत नाही हो. ऐका.

इथं पूर्वी सरकारी कारखान्याची वसाहत होती. चार मजली इमारती, एकाच साच्यातून काढलेल्या, लिफ्ट नाही. त्यातल्या दोन इमारतींच्या चौथ्या मजल्यावर दोन गॅलऱ्या समोरासमोर होत्या. एक गयाबाई हिवराळेंची, दुसरी द्रौपदाबाईंची. द्रौपदाबाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्यांच्या हातांची भाषा घरच्यांनी कधी शिकून घेतली नाही. गयाबाईंनी घेतली. गुडघे गेले तसं दोघींचं खाली उतरणं सुटलं, पण रोज चारला गॅलरीत हातांनी गप्पा रंगायच्या. भाजीपासून सुनेपर्यंत सगळं निघायचं म्हणे.

मग सरकारनं कारखाना विकला आणि घरं राहणाऱ्यांच्या नावावर झाली. झालं! जो तो गॅलरी बंद करून खोली काढायला लागला. द्रौपदाबाईंच्या मुलानं, वसंतानं, एसी लावला आणि काळी काच कायमची बसवून टाकली. बाहेरून आतलं काही दिसेना.

गयाबाईंच्या घरीही नातवाला खोली हवी होती, पण त्या हटून बसल्या. रोज चारला उभ्या राहायच्या आणि काळ्या काचेशी हातांनी बोलायच्या. म्हातारीला चळ लागला, असं लोक म्हणत. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. सात वर्षं बाई तिथं एकटी उभी राहिली, असं सांगतात.

द्रौपदाबाई गेल्या. तेराव्यानंतर वसंता काच पुसायला गेला, तर आतल्या बाजूला कपाळाचा तेलकट डाग आणि दोन्ही तळव्यांचे ठसे, एकावर एक. आतून समोरची गॅलरी लख्ख दिसत होती. तो तसाच उतरला, समोरचे चार मजले चढला आणि गयाबाईंपुढं बसून रडला.

गयाबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ती रोज उत्तर देत होती. मलाच दिसत नव्हतं."

पुढं जुन्या इमारती पाडून टॉवर बांधायचा म्हणून सह्या गोळा करायला लोक आले, तेव्हा गयाबाईंनी अट घातली. चौथ्या मजल्यावर एक गॅलरी सगळ्यांसाठी उघडी राहील, तरच सही. वसंतानंही सही अडवून धरली.

आजही चार वाजले की इथल्या बायका त्या गॅलरीत येतात आणि समोरच्या टॉवरच्या काळ्या काचांकडे हात करतात. काचेमागं कुणी असतंच असं नाही. पण नाही, असं तरी कोण सांगणार? चार वाजत आलेत. तुम्हीही करा हात.